कृत्रिम बुद्धिमत्तेचे अभियांत्रिकी अध्यापन : कडेगाव परिसर

साठविलेल्या नोंदींवरून यंत्राने अनुमान कसे काढावे, या विद्येचे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस मिळणारे शिक्षण. १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथे भरलेल्या विद्वत्‌सभेपासून कृत्रिम बुद्धिमत्ता हे स्वतंत्र शास्त्र मानले जाऊ लागले. भारतात मात्र ते दीर्घकाळ पदव्युत्तर वर्गांत व ऐच्छिक विषयांतच राहिले आणि आयआयटी हैदराबादने २०१९ मध्ये स्वतंत्र बी. टेक. पदवी सुरू केली, त्या सुमारास त्यास शाखेचा दर्जा मिळू लागला.

कडेगाव हे सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. १९४९ पूर्वी हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडे. भारती विद्यापीठाचे (१९६४) संस्थापक पतंगराव कदम याच तालुक्यातील सोनसळचे. जवळची जुनी अभियांत्रिकी महाविद्यालये म्हणजे सांगलीचे वालचंद (१९४७) व कराडचे शासकीय (१९६०).

अध्यापनाचा पाया रेषीय बीजगणित, कलन व संभाव्यता हा होय. तयार लायब्ररीतील चार ओळी उतरवून अचूकतेचा घसघशीत आकडा मिळविणे आज इतके सुलभ झाले आहे, की त्या आकड्याची उलटतपासणी करावयास शिकविणे हेच अध्यापकाचे मुख्य कर्तव्य ठरते. उसाच्या एकरी उताऱ्याचे अनुमान हा विषय या भागात प्रयोगासाठी घेतला, तर ही तपासणी किती कठीण आहे ते ध्यानी येते. नोंदी सरमिसळ करून शिकवणीचा व चाचणीचा असे दोन भाग पाडले, की एकाच गटनंबरातील लागणीचे पीक एकीकडे आणि त्याचाच खोडवा दुसरीकडे जातो. मग यंत्र ऊस न ओळखता शेत ओळखते, आणि विद्यार्थी मात्र निकालावर खूश असतो. म्हणून वाटणी गटनंबरनिहाय करावी. आडसाली व सुरू या हंगामांचे निकाल निरनिराळे पाहावेत. याहून सूक्ष्म अडचण पाण्याची आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी या अवर्षणग्रस्त टापूत आणल्यामुळे त्याआधीच्या दप्तरातील आकडे निराळ्याच शिवाराचे वाटावेत असे आहेत, आणि जुन्या नोंदींवर पोसलेले अनुमान बागायती झालेल्या रानात फसते. ही बाब संगणकास आपोआप कळत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरी सातबाऱ्यावरील जिरायतीची बागायत झाली, त्यास ती सांगावी लागत नाही.

परीक्षेचे मूल्यमापनही याच दृष्टीने व्हावयास हवे : लहानशा चेताजाळ्यातील (न्यूरल नेटवर्क) भारांची एक दुरुस्ती कागदावर हाताने करून दाखविणे आणि आपल्या नोंदी कोणी, कोणत्या हंगामात व कशासाठी टिपल्या याचा जबाब तोंडी परीक्षेत देणे.