माळ्यावरचं कांडेचोर

आजोबांनी घर बांधलं तेव्हा वर गवत होतं. मग नळे आले आणि 1961 साली, म्हणजे माझ्या जन्मसाली, मंगलोरी कौलं. मंगलोरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून तिकडची कौलं गलबतांतून कोकणच्या बंदरांवर उतरायची. गवत दरवर्षी शाकारायचं, नळे दरवर्षी परतायचे. त्या निमित्ताने माळा वर्षातून एकदा उघडा पडायचा. मंगलोरी कौलं बसली आणि माळ्याकडे बघायचं कामच उरलं नाही. कांडेचोराला हेच हवं होतं.

कांडेचोर म्हणजे उदमांजर. दिवसभर झोपायचं, रात्री आंबे, फणस, भेरलीमाडाची फळं खायची. बिया विष्ठेतून जिकडेतिकडे पडतात; आमच्या आगरातले भेरलीमाड कुणी लावलेले नाहीत. माळ्यावर आलं की वासावरून कळतं, वर कुणीतरी आंबेमोहर शिजत ठेवल्यासारखं वाटतं. दोन दिवस बरं वाटतं. नंतर मुताचे डाग.

वडिलांच्या वेळी फासकी लावायचे, नाहीतर मिरचीची धुरी. वन्यजीवांचा कायदा 1972 चा, पण आमच्या वाडीत त्याचं नाव बऱ्याच वर्षांनी ऐकू आलं. 1988 च्या वैशाखात मीही धुरी केली. कांडेचोर पळालं, मी सरकलेलं कौल सारखं केलं आणि खुशीत जेवलो. रात्रभर कौलांवर नखं वाजत होती. आजी म्हणाली, "मेल्या, पोरं आत ठेवलीस तिची!" पहाटे शिडी लावली. मोडक्या सुपात तीन पिल्लं, दोन थंड पडलेली. तिसरं सुपासकट वळचणीला ठेवलं. रात्री ती आली, मानेला धरून घेऊन गेली.

त्यानंतर धुरी नाही. चीं चीं ऐकू आली की पिल्लं हिंडतीफिरती होईपर्यंत वास सोसायचा. मग वाटेवर राख पसरायची, पावलं बघायची. दिवेलागणीनंतर सगळी बाहेर पडली की भोकात गवत सैल कोंबायचं. तीन रात्री गवत हललं नाही तर आत कुणी नाही. मगच जाळी ठोकायची. आणि छपराला टेकलेली फणसाची फांदी तोडायची, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

गेल्या वैशाखात मुलाने स्लॅबचं काढलं. गवंडी ठरला, सिमेंट आलं, आणि माळ्यावर चीं चीं. मी म्हटलं, थांब. थांबलो तोवर पाऊस लागला. सिमेंटच्या चार गोण्या दगड झाल्या, त्यावरून मुलगा अजून बोलतो.