बंदुकीचा धक्का आणि रक्ताचा सिद्धांत

आपल्या लष्करी इतिहासाविषयी गेल्या काही दशकांत पुष्कळ लिहिले गेले. कोरेगावचा स्तंभ, त्यावरील नावे, पलटणींचे क्रमांक, सुभेदारांच्या सनदा हे सारे आता आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. ते आवश्यकही होते. ज्यांच्या इतिहासावर शतकानुशतके माती लोटली गेली त्यांना आधी नावे आणि सनावळीच उकरून काढाव्या लागतात. पण या सर्व लेखनात एक गोष्ट मला कुठे आढळली नाही. आमचा माणूस बंदूक कशी धरत होता? तिचा धक्का कसा सोसत होता? हे तो कोणाकडून शिकला? प्रश्न क्षुल्लक वाटेल; परंतु आपल्याला लष्करातून ज्या सिद्धांताच्या आधारे हाकलले गेले, त्या सिद्धांताचे उत्तर याच क्षुल्लक प्रश्नात आहे असे माझे मत आहे.

१९७२ साली मी नाशकातल्या एका कॉलेजात शिकत होतो आणि एन.सी.सी.त होतो. दुष्काळाचे वर्ष. आमच्यासारख्या पोरांना परेडनंतर मिळणाऱ्या नाश्त्याचेही आकर्षण होते हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. त्या वर्षी चांदमारीवर आम्हाला पहिल्यांदा .३०३ रायफल हाती मिळाली. पोटावर पालथे पडून पाच गोळ्या झाडायच्या होत्या. पहिल्याच गोळीला दस्ता असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढच्या चार गोळ्या मी डोळे मिटून झाडल्या आणि त्या कुठे गेल्या ते कोणालाच कळले नाही. मी खांदा चोळत उठलो तेव्हा सोबतचा एक मुलगा हसत म्हणाला, "अरे, तुमची तर लढवय्यी जात ना? पिढ्यान् पिढ्या ओझी वाहिलेले खांदे तुमचे, तुम्हाला कसला धक्का?" एकाच वाक्यात त्याने मला शूर केले आणि हमालही केले. मला उत्तर सुचले नाही.

सुट्टीत निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. खांद्यावरचा काळानिळा डाग आजोबांनी पाहिला आणि काय झाले ते न विचारताच ओळखले. आजोबा पहिल्या महायुद्धाच्या वेळी १११ महार पलटणीत भरती झाले होते. पलटण मोडल्यावर घरी आले आणि पुढची कित्येक वर्षे गावची येसकरकी केली. त्यांनी कोपऱ्यातली येसकराची काठी काढली, मला अंगणात पालथे पाडले आणि काठी हातात देऊन म्हणाले, "आरं पोरा, बंदूक सैल धरली तर ती मारती. खांद्याला घट धरली तर नुस्ती ढकलती."

त्या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, हा न्यूटनचा नियम. .३०३ ची गोळी ११ ग्रॅमच्या थोडी वर भरते आणि सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटते. चार किलोंच्या आसपासची बंदूक तेवढ्याच जोराने उलट दिशेला रेटली जाते. दस्ता आणि खांदा यांत बोटभर जरी फट राहिली तरी बंदूक त्या फटीत वेग घेते आणि हातोड्यासारखी आदळते. फट नसेल तर बंदूक आणि माणूस मिळून एकच वजन होते, आणि चार किलोंना मागे फेकणाऱ्या धक्क्याला आता साठ किलोंचा माणूस हलवावा लागतो.

यात पालथ्या अवस्थेची अडचण वेगळी आहे. उभा माणूस धक्क्यासरशी कमरेतून मागे झुलतो आणि त्या झुलण्यात धक्का जिरतो. पालथ्या माणसाला झुलायला जागा नाही. मागे त्याचेच शरीर आणि खाली जमीन. म्हणून लेटून मारलेली गोळी सर्वांत अचूक लागते, आणि खांद्याला सर्वांत जास्त तीच जाणवते. आजोबांनी दस्ता गळ्याच्या हाडावर नको, दंडावरही नको, त्या दोहोंमधल्या खळगीत बसवायला लावला. गाल दस्त्याला चिकटवून ठेवायला सांगितला. अधांतरी राहिलेल्या गालावर बंदूक थप्पड मारते. त्यांच्या पलटणीत शरीर नळीच्या रेषेला थोडे तिरके ठेवून पाय फाकत आणि टाचा जमिनीला टेकवत. आजचे नेमबाज शरीर नळीच्या मागे जवळजवळ सरळ ठेवतात, म्हणजे धक्का एकट्या खांद्यावर न पडता पाठीतून खाली वाटला जातो. पद्धत बदलली, धक्का वाटून घ्यायचा हे तत्त्व तेच राहिले.

शेवटची गोष्ट त्यांनी सांगितली ती घोड्याची. घोडा हिसकायचा नाही, श्वास अर्धा सोडून हळूहळू दाबत जायचा, इतका हळू की बार कधी उडाला ते आपल्यालाही आधी कळू नये. याचे कारण मला पुढे वाचताना समजले. गोळी नळीत सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच वेळ असते. खांद्याला धक्का पुरता कळतो तोवर ती केव्हाच निघून गेलेली असते. म्हणजे नेम बिघडवते ती धक्क्याची भीती. बार होण्याआधीच शरीर दचकते, खांदा मागे घेते, डोळा मिटते, आणि नेम तिथेच हुकतो. हे दचकणे घालवण्याचा उपाय रिकाम्या बंदुकीवर शेकडो वेळा घोडा दाबणे हाच आहे. एन.सी.सी.त आमचे उस्ताद हिंदुस्थानीत घोकून घेत, "मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर." शिस्त म्हणजे इथे नेमाची रेषा. जुन्या मराठीतही शिस्त या शब्दाचा हा अर्थ होता.

आता इतिहासाकडे वळू. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला जे लढले त्यांच्या हाती तोंडाकडून भरायची गुळगुळीत नळीची बंदूक होती. दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची. हे पालथे पडून करणे जवळजवळ अशक्य, म्हणून रांगेतला शिपाई उभाच राही. १८६० नंतर मागून भरायच्या बंदुका आल्या आणि जमिनीला चिकटून राहूनही शिपायाला पुन्हा पुन्हा बार भरता येऊ लागला. त्यांतली मार्टिनी-हेन्री ही तर धक्क्यासाठी कुप्रसिद्ध होती. तिची गोळी ३१ ग्रॅमची; .३०३ च्या अंदाजे दुप्पट जोराचा तिचा धक्का. गोरे शिपाईही तिच्या नावाने बोटे मोडत. पुढे बिनधुराची दारू आली, आणि १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धाने इंग्रजांना शिकवले की यापुढे जो जमिनीवर पालथा पडेल तोच वाचेल.

नेमक्या याच काळात, जेव्हा बंदूक चालवणे हे अंगबळाचे काम न राहता शिकवून येणारे कसब होत होते, तेव्हा आपल्याला लष्कराचे दार बंद झाले. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जमाती जन्मतःच लढाऊ आणि उरलेल्या जन्मतःच निरुपयोगी, हा सिद्धांत त्यांनी भरतीचे धोरण केला. पलटणी जातवार होऊ लागल्या, आणि अस्पृश्याच्या खांद्याला खांदा लावायला कोण तयार होणार? १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. इंग्रजांनी नवे काही शोधले नव्हते. गुण जन्माने येतो हे मनूचे म्हणणे त्यांनी इंग्रजीत लिहून काढले, एवढेच.

याविरुद्ध पहिला आवाज उठवला तो लष्करातूनच निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी. त्यांचा अर्ज १८९४ सालचा. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. दार उघडले ते १९१७ साली, महायुद्धाला माणसे कमी पडू लागली तेव्हा. १११ महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडलीही.

मला या ठिकाणी एक साधा हिशेब मांडायचा आहे. १८९२ ते १९१७ ही पंचवीस वर्षे. या अवधीत एक अख्खी पिढी अशी वाढली की तिने बंदुकीला हात लावला नव्हता. माझे आजोबा त्या पिढीचे. गुण रक्तात असतो म्हणणाऱ्यांनी सांगावे, पंचवीस वर्षे आटलेले हे रक्त भरतीनंतर काही महिन्यांत कसे उसळले? आणि हे रक्तात नव्हतेच म्हणणाऱ्यांनी सांगावे, मग त्यांना पालथे पडून शिस्त धरता कशी आली? दोघांचे उत्तर एकच आहे. त्यांना शिकवले गेले, म्हणून ते शिकले. खुद्द इंग्रजांनी आपल्या गोऱ्या शिपायांसाठी १८५३ साली हाइथ येथे बंदूक शिकवण्याची शाळा काढली होती. रक्तातच असते तर शाळा कशाला लागली? आणि आपल्या नाशकात डॉ. मुंजे यांनी १९३७ साली भोसला मिलिटरी स्कूल काढले तेही शाळाच म्हणून. बंदूक शिकावी लागते हे सगळ्यांना ठाऊक होते. फक्त आमच्या बाबतीत ती जन्माची गोष्ट ठरली.

इथे मला आपल्याच कार्यकर्त्यांशी थोडे भांडायचे आहे. १ जानेवारीला कोरेगावला जमणाऱ्या जनसमुदायात मीही असतो. बाबासाहेब १९२७ साली तेथे गेले, त्यामागचे प्रयोजन मला मान्य आहे. पण अलीकडे व्यासपीठांवरून "आमच्या रक्तातच लढाई आहे" असे ऐकले की मला चांदमारीवरचा तो मुलगा आठवतो. तोही हेच म्हणाला होता. वलंगकर-कांबळ्यांना सरकारच्याच भाषेत अर्ज करावा लागला, ती त्यांच्या काळाची सक्ती होती. आपल्यावर ती सक्ती नाही. ज्या रक्ताच्या सिद्धांताने आपल्याला १८९२ साली घरी पाठवले, तोच सिद्धांत आपण अभिमानाने छातीवर लावायचा काय? रक्ताने शूर ठरणारा माणूस उद्या रक्तानेच अस्पृश्य ठरवता येतो. आणि ती बंदूक अनेकदा साम्राज्यासाठी झाडली गेली, हेही आपण लपवू नये.

माझ्या आजोबांनी लष्करातून घरी आणले ते कसब. त्याचा उपयोग त्यांना गावात काय होणार? ज्या हातांनी पलटणीत शिस्त धरली त्या हातांत गावाने पुन्हा येसकराची काठी दिली. पण २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते नाशकात होते. पुढे रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगडफेक झाली. त्या दिवसाविषयी विचारले की ते फारसे बोलत नसत. "दचकायचं न्हाई, येवढंच ठरवलं व्हतं," इतकेच म्हणत. काठी त्यांच्या हातून सुटायला महार वतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा यावा लागला.

१९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १९४६ साली ही रेजिमेंट मशीनगनची रेजिमेंट झाली आणि तिच्या चिन्हावर दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. या व्हिकर्सची रचना समजून घेण्यासारखी आहे. तिच्यात धक्का वाया जात नाही. बारासरशी नळी मागे येते, आणि त्या मागे येण्याच्या जोरावरच रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत बसते. एका बाराचा धक्का पुढच्या बाराची तयारी करतो. हे यंत्र सांभाळायला लागणारे कौशल्य ज्यांना इंग्रजांनी पन्नास वर्षांपूर्वी जन्मतः अपात्र ठरवले होते त्यांनी आत्मसात केले, आणि तेही शिकूनच.

नाशकाजवळच्या देवळालीहून आजही तोफांच्या सरावाचे आवाज येतात. आमच्या वस्त्यांतून निवृत्त सैनिक पुष्कळ आहेत. .३०३ चालवलेले आता थोडेच उरले. त्यांना आपण लढायांच्या तारखा विचारतो, पदके विचारतो. शिक्षक मित्रांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांना एवढेही विचारा: पहिल्या दिवशी खांदा सुजला होता काय? बंदूक धरायला कोणी शिकवले? किती दिवसांत दचकणे गेले? मिळतील ती उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा. आपल्या माणसांना काय काय शिकता आले आणि किती लवकर शिकता आले, याची नोंद दुसरे कोणी ठेवणार नाही.