मृणाल गोरे आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायदा

गर्भलिंगनिदानाला कायद्याने आळा घालणारे देशातील पहिले राज्य महाराष्ट्र होय. १९८८ च्या या कायद्यामागे विधानसभेतील समाजवादी सदस्या मृणाल गोरे यांचा पाठपुरावा होता. १७ जुलै २०१२ रोजी वसई येथे त्यांचे निधन झाले. 'पाणीवाली बाई' म्हणून त्या घरोघरी ठाऊक होत्या. विधिमंडळातील हे कार्य मात्र त्यामानाने अपरिचित राहिले.

२४ जून १९२८ रोजी जन्मलेल्या मृणालताईंनी राष्ट्र सेवा दलाच्या कार्यासाठी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर, १९७२ मध्ये विधानसभेवर आणि १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या. महागाईविरोधात अहिल्या रांगणेकर आदींसह त्यांनी काढलेले लाटणे मोर्चे गाजले. पीडित स्त्रियांसाठी त्यांनी गोरेगावात 'स्वाधार' हे केंद्र सुरू केले. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या व काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या.

गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी असलेली गर्भजल परीक्षा तोवर मुलगी नको असलेल्यांच्या सोयीची झाली होती. १९७८ मध्ये केंद्राने सरकारी रुग्णालयांत तिच्या अशा वापरास मनाई केली. परिणाम उलटाच झाला. हा व्यवसाय खासगी दवाखान्यांत फोफावला. लहान कुटुंबाचे धोरण यामुळे साधेल, असे समर्थन करणारेही होते. मुंबईतील महिला संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि १९८६ मध्ये मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले.

प्रश्न नाजूक होता. १९७१ च्या कायद्याने स्त्रियांना मिळालेली सुरक्षित गर्भपाताची मुभा हिरावली जाऊ नये, पण मुलीचा गर्भ निवडून पाडणे तर थांबावे, अशी ही कसरत होती. त्यामुळे गर्भपातावर नव्हे, तर चाचणीवर नियंत्रण आणण्याचा मार्ग पत्करण्यात आला. हा निर्णय दूरदृष्टीचाच म्हणावा लागेल.

अखेर १९८८ मध्ये सरकारी विधेयक संमत झाले. ते संघटनांच्या पूर्ण पसंतीचे नव्हते. खासगी केंद्रांना नोंदणीच्या अटीवर मोकळीक राहिली. चाचणी करून घेणारी स्त्रीही शिक्षेस पात्र ठरली. तिच्यावर दबाव होता असे न्यायालयाने गृहीत धरावे, एवढाच दिलासा तिला होता. तरीही या कायद्याने देशाला वाट दाखवली. संसदेने १९९४ मध्ये केंद्रीय कायदा केला; तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. सर्वोच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर २००३ मध्ये तो अधिक कडक होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

अंमलबजावणीची कथा मात्र निराळी आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. २००१ मध्ये ती ९१३ झाली आणि २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आली.