पाश्चात्त्य विवाहवेशाचा घाट आणि स्त्रीदेह : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वधूने आपल्या अंगकाठीला शोभेल अशा घाटाचा झगा निवडावा, हा सल्ला पाश्चात्त्य विवाहविषयक लेखनात आज सर्रास आढळतो. एकोणिसाव्या शतकात मात्र हा क्रम बव्हंशी उलटा होता. घाट रिवाजाने ठरे आणि देह त्यात बसविला जाई.

राणी व्हिक्टोरिया यांनी १० फेब्रुवारी १८४० रोजी विवाहप्रसंगी स्पिटलफील्ड्सच्या पांढऱ्या रेशमी साटिनचा वेश परिधान केला. त्याच्या रंगाविषयी विपुल लिहिले गेले. घाटाविषयी अभ्यासकांनी तुलनेने मौन पाळले, हे खटकते. कमरेशी घट्ट, निमुळता वरचा भाग व खाली भरघोस घेर हा त्या काळचा सर्वमान्य घाट होता. कमर कॉर्सेटने आवळली जाई. १८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचे पेटंट घेतले गेले आणि घेराचा भारही सांगाड्याने उचलला. अशा वेशात वधूची मूळ देहयष्टी कशी आहे, हा प्रश्न गौण ठरणे स्वाभाविक होते.

हे चित्र पालटले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मादलेन व्हिओने यांनी १९२० च्या दशकात कापड धाग्यांशी ४५ अंशांत तिरपे, म्हणजे शिंप्यांच्या भाषेत उरेब, कापण्याचे तंत्र प्रतिष्ठित केले. उरेब कापड ताणले जाते व अंगाबरोबर वळते. १९३० च्या दशकातील साटिनचे विवाहझगे याच तंत्राने घडले. आधार गेला, देह उघड झाला आणि त्याबरोबर देहाचे 'दोष'ही दिसू लागले.

दुसरे कारण तयार कपड्यांचे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. श्वेतवर्णीयेतर स्त्रियांची मापे अंतिम गणनेतून वगळण्यात आली. १९५८ चे अमेरिकी मापमानक मुख्यतः याच सामग्रीवर आधारलेले होते. ज्या देहांना हे माप बसेना, त्यांच्यासाठी 'योग्य घाट' सुचविण्याची गरज मग निर्माण झाली.

'पेर', 'सफरचंद', 'वाळूचे घड्याळ' ही देहांची नावे निसर्गदत्त भासतात. तथापि रुंद नितंबांना 'ए-लाइन' वा रुंद खांद्यांना भरघोस घेर सुचविताना अभिप्रेत आदर्श वाळूच्या घड्याळाचाच असतो, आणि ती आकृती तर कॉर्सेटनेच घडविलेली होती. खांदेविरहित विवाहझग्यांच्या अस्तरात आजही आधारासाठी काड्या शिवलेल्या असतात.