नाव कोणाचे, मेळावा कोणाचा? : जपानमधील अ‍ॅनिमे-रसिक समुदायातील लिंगभेदाचा आणि दैनंदिन वादांचा इतिहास (१९७५-२०२२)

प्रस्तावना

अ‍ॅनिमे म्हणजे जपानमध्ये निर्माण होणाऱ्या अ‍ॅनिमेशन मालिका व चित्रपट, आणि मांगा म्हणजे तेथील चित्रकथा. आपल्याकडे या विषयाचा विचार सहसा डोरेमॉनच्या पलीकडे जात नाही. जपानमध्ये मात्र या दोन कलाप्रकारांभोवती गेल्या अर्धशतकात प्रौढ रसिकांचा एक विशाल समुदाय उभा राहिला. हा समुदाय जगभर ‘ओताकू’ या नावाने ओळखला जातो. हे नाव उच्चारताच जे चित्र मनात उभे राहते ते पुरुषाचे असते : एकलकोंडा, चष्मा लावलेला, चित्रकथांच्या ढिगाऱ्यात बसलेला तरुण. ज्या मेळाव्यातून हा समुदाय संघटित झाला त्याच्या प्रारंभीच्या उपस्थितांत मात्र बहुसंख्य शाळकरी मुली होत्या. समुदाय मुलींनी भरला आणि नाव पुरुषाचे लागले, हे कसे घडले याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. या समुदायातील स्त्रीविषयक वाद केवळ अभिरुचीचे नव्हते. खरा रसिक कोण आणि कोणाच्या नजरेला मान्यता, असा प्रश्न त्यांच्या मुळाशी होता, असे येथे प्रतिपादन केले आहे.

एका नकारातून जन्मलेला मेळावा

१९७५ साली जपानमध्ये चित्रकथा-रसिकांचे एक संमेलन भरत असे. त्या संमेलनावर टीका करणाऱ्या एका स्त्री-रसिकेस संयोजकांनी प्रवेश नाकारला. नकाराचे कारण तिचे स्त्रीत्व नव्हते, तिने केलेली टीका हे होते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु या नकाराचे पडसाद उमटले. ‘मेइक्यू’ नावाच्या समीक्षक गटाने निषेध नोंदवला आणि कोणालाही दार बंद न करणारा स्वतंत्र मेळावा भरवण्याचे ठरवले. या गटात पुढे नामवंत समीक्षक झालेले योशिहिरो योनेझावा होते. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोच्या तोरानोमोन भागातील एका सभागृहात पहिला ‘कॉमिक मार्केट’, म्हणजेच कोमिकेट भरला. त्यात ३२ मंडळांनी भाग घेतला व सुमारे ७०० रसिक आले. संयोजकांनीच पुढे दिलेल्या माहितीनुसार उपस्थितांपैकी सुमारे नव्वद टक्के या मुलींसाठीच्या चित्रकथा वाचणाऱ्या, माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील विद्यार्थिनी होत्या.

हे आकस्मिक नव्हते. १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा आदी तरुण लेखिका-चित्रकारांनी मुलींच्या मांगाचे स्वरूपच पालटले होते. हागिओ यांची ‘थॉमसचे हृदय’ ही कथा १९७४ मध्ये, तर ताकेमिया यांची ‘वारा आणि वृक्षांचे गीत’ १९७६ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. किशोरवयीन मुलांमधील परस्परप्रेम हा या कथांचा विषय. वाचक मुली केवळ वाचून थांबल्या नाहीत. त्या स्वतः लिहू लागल्या, चित्रे काढू लागल्या, स्वखर्चाने छापू लागल्या. ‘दोजिन्शी’ म्हणून ओळखली जाणारी ही हौशी प्रकाशने कोमिकेटच्या टेबलांवर विकली जात. येथे ग्राहक नाही, सारेच सहभागी, हे या मेळाव्याचे तत्त्व होते. १९८० पासून २००६ मधील मृत्यूपर्यंत योनेझावा यांनी त्याचे नेतृत्व केले.

अ‍ॅनिमेच्या बाबतीतही हेच दिसते. ‘मोबाइल सूट गुंडम’ ही यंत्रमानवांच्या युद्धाची मालिका एप्रिल १९७९ मध्ये सुरू झाली. प्रेक्षकसंख्या घटल्याने ५२ भागांची ही मालिका ४३ भागांत आटोपती घ्यावी लागली. त्या पडत्या काळात पात्रांच्या प्रेमात पडून मालिकेचा पाठपुरावा करणाऱ्यांत किशोरवयीन मुलींचा वाटा मोठा होता. १९८० मध्ये तिच्या यंत्रांचे प्लास्टिकचे जोडखेळ बाजारात आले आणि मुलांची झुंबड उडाली. आज गुंडमचा इतिहास बहुधा त्या जोडखेळांपासून सांगितला जातो!

मुलींच्या या आस्थेला ‘मीहा’ हे हिणवणारे विशेषण आधीच उपलब्ध होते. उथळ, देखण्या नायकावर भाळणारी, असा त्याचा आशय. यंत्राची उंची व शस्त्राची क्षमता पाठ असणे म्हणजे ज्ञान, आणि पात्राच्या मनाचा ठाव घेणे म्हणजे भाबडेपणा, अशी श्रेणी रसिकांच्या गप्पांत सहज रूढ झाली. ती कोणी जाहीरनामा काढून लादली नाही, म्हणूनच ती दीर्घकाळ टिकली.

संज्ञेचा जन्म

१९७९ मध्ये हिदेओ आझुमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या ‘सिबेल’ या दोजिन्शीने अल्पवयीन वाटणाऱ्या गोंडस मुलींचे कामुक चित्रण कोमिकेटमध्ये आणले. ‘लोलिकोन’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रवाह थोड्याच काळात फोफावला व मेळाव्यातील पुरुषांचे प्रमाण वाढले. याच प्रवाहातील ‘मांगा बुरिक्को’ या मासिकात जून १९८३ पासून अकिओ नाकामोरी यांचे ‘ओताकूंचा अभ्यास’ हे सदर सुरू झाले. रसिकांसाठी ‘ओताकू’ हे नाव प्रचारात आले ते या लेखनातून.

‘ओताकू’ याचा शब्दार्थ ‘आपले घर’. संभाषणात तो समोरच्या व्यक्तीसाठी आदरार्थी सर्वनाम म्हणून वापरला जातो. मराठीत समवयस्क मित्रांनी एकमेकांना ‘तू’ न म्हणता ‘आपण’ म्हणावे, तसा काहीसा हा प्रकार. शेजारच्या गृहिणी एकमेकींशी बोलताना तो वापरत. शाळकरी मुलांच्या तोंडी तो ऐकून नाकामोरी यांना हसू आले. कोमिकेटमध्ये जमलेल्या या मुलांचे वर्णन त्यांनी खेळात मागे पडणारे, पोशाखाचे भान नसलेले, मुलींशी बोलू न शकणारे आणि म्हणून कागदावरील मुलींवर प्रेम करणारे असे केले. मुलींच्या दिसण्यावरही त्यांनी शेरे मारले. पण त्यांच्या उपहासाचा मुख्य रोख पुरुषत्व उणे असण्यावर होता. मासिकाचे वाचकच ज्यांची टर उडवली गेली ते असल्याने संपादक एइजी ओत्सुका यांनी सदर आवरते घेतले. शब्द मात्र राहिला.

या घटनेकडे अभ्यासकांनी भेदभावाचा नमुना म्हणून पाहिले आहे, ते योग्यच आहे. परंतु तिचा एक परिणाम फारसा चर्चिला जात नाही. टोमणा पुरुषत्वावर होता, त्यामुळे त्याचे उत्तरही पुरुषच देणार, हे ठरून गेले. अपमान आणि अपमानाविरुद्धचा स्वाभिमान, दोन्ही पुरुषांच्या वाट्याला आले. दालनात शेजारच्या टेबलावर बसलेली मुलगी या संवादात दखलपात्रच उरली नाही.

१९८९ मध्ये चार लहान मुलींच्या हत्येप्रकरणी त्सुतोमु मियाझाकी याला अटक झाली. त्याच्या खोलीतील पाच हजारांहून अधिक चित्रफितींची छायाचित्रे सर्वत्र झळकली व ‘ओताकू’ हा शब्द संशयितासाठीचा शब्द बनला. पुढे २००४-०५ मध्ये ‘देन्शा ओतोको’ या पुस्तकाने व त्यावरील चित्रपट-मालिकेने ओताकूची सहृदय प्रतिमा उभी केली. तीतही ओताकू पुरुषच होता, आणि त्याचा उद्धार करणारी स्त्री रसिक नव्हती. ती त्याच्या सुधारणेचे बक्षीस होती.

‘याओई’ वाद

दरम्यान स्त्रियांच्या दोजिन्शींचे विश्व आपल्या गतीने वाढत होते. पुरुष पात्रांची प्रेमकथा रंगवणाऱ्या लेखनाला १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘याओई’ हे नाव मिळाले. कळस नाही, शेवट नाही, अर्थ नाही, या तीन शब्दप्रयोगांच्या आद्याक्षरांतून ते बनले. हे नावही उपहासाचेच, पण लेखिकांनी स्वतःवर केलेल्या उपहासाचे. १९८० च्या दशकाच्या मध्यास ‘कॅप्टन त्सुबासा’ या फुटबॉलकथेवरील याओईने कोमिकेटची टेबले व्यापली.

१९९२ मध्ये ‘शोआझिर’ या छोट्या स्त्रीवादी नियतकालिकात समलिंगी कार्यकर्ते मासाकी सातो यांनी याओईवर तीव्र हल्ला चढवला. या स्त्रिया समलिंगी पुरुषांना आपल्या सुखासाठी वापरतात, स्त्री-स्त्री संबंधांची चित्रे मिटक्या मारत पाहणाऱ्या पुरुषांहून त्या वेगळ्या नाहीत, असा त्यांचा आशय होता. यावर अनेक वर्षे चर्चा चालली. काहींनी प्रतिवाद केला की, याओईतील पुरुष हे वास्तवातील समलिंगी पुरुष नव्हेतच. स्त्रीदेहावर लादलेल्या अपेक्षांपासून दूर जाऊन इच्छेविषयी बोलण्यासाठी घेतलेले ते मुखवटे आहेत. काहींनी आरोपात तथ्य असल्याचे मान्य केले आणि आपल्या लेखनाची नव्याने तपासणी केली.

या वादाचे मोल त्याच्या निर्णयात नाही, कारण निर्णय झालाच नाही. आपण कोणाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न एका रसिकगटाने अंगावर घेतला आणि छोट्या अंकांच्या पानांवर वर्षानुवर्षे चर्चिला, हे विशेष. लोलिकोनच्या बाजूने या तोडीचे आत्मपरीक्षण झाल्याचे दिसत नाही. तेथे प्रश्न नेहमी बाहेरून, पोलीस वा पालक यांच्याकडून आला, आणि उत्तरही बचावाचेच राहिले. अर्थात स्त्रियांचे विश्व निर्दोष होते असे नव्हे. दोन नायकांच्या जोडीत आड येणाऱ्या नायिकेचा याओई-रसिकांनी केलेला तिरस्कार पाहिला, तर स्त्रीद्वेषाला पुरुष लेखकाची गरज नसते हे कळते.

२००० नंतर या स्त्रियांसाठी ‘फुजोशी’ हा शब्द रूढ झाला. ‘स्त्रीवर्ग’ या अर्थाच्या शब्दातील एक चिन्ह बदलून ‘सडलेली मुलगी’ असा श्लेष त्यात साधला आहे. तोही स्त्रियांनी प्रथम स्वतःच स्वतःला लावला. पुरुषाच्या वाट्याला दुसऱ्याने दिलेले नाव आले आणि स्त्रीने टोमणा येण्याआधीच तो स्वतःला मारून घेतला. हा फरक बोलका आहे.

कायदा आणि ग्रंथालय

२००८ मध्ये ओसाकाजवळील साकाई शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुरुष-प्रेमकथांची सुमारे साडेपाच हजार पुस्तके असल्याची तक्रार झाली. ग्रंथालयाने ती खुल्या कपाटांतून काढली. स्त्रीवादी अभ्यासकांनी व नागरिकांनी हरकत घेतल्यावर निर्बंध मागे घ्यावे लागले. पुढे २०१० मध्ये टोकियो प्रशासनाने ‘अस्तित्वात नसलेले अल्पवयीन’ अशी संज्ञा योजून काल्पनिक पात्रांच्या लैंगिक चित्रणावर निर्बंधांचा मसुदा आणला. त्यास विरोध करणाऱ्यांत केइको ताकेमिया अग्रभागी होत्या, कारण त्यांची स्वतःची कृतीही या व्याख्येत सापडू शकत होती. मूळ मसुदा जूनमध्ये फेटाळला गेला. सुधारित स्वरूपात तो डिसेंबर २०१० मध्ये संमत झाला. २०१४ मध्ये बालकांच्या अश्लील चित्रणाचा निव्वळ संग्रहही देशभर दंडनीय ठरला, परंतु मांगा व अ‍ॅनिमे त्यातून वगळले गेले.

स्त्री-रसिकांची कोंडी येथे आहे. लोलिकोनमधील स्त्रीप्रतिमा ज्यांना खुपते, त्यांनाच कायद्याच्या प्रश्नावर लोलिकोनच्या बाजूला उभे राहावे लागते, कारण कात्री चालली तर प्रथम त्यांच्याही पानांवर चालते. त्यामुळे अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य हा शब्द समुदायात ऐक्याचा आधार बनला. तोच शब्द अंतर्गत टीकेला गप्प करण्यासाठीही वापरता येतो, आणि तसा तो वापरलाही गेला.

मेळाव्याच्या पटांगणात हा प्रश्न अगदी साधे रूप घेतो. पात्रांची वेशभूषा करणाऱ्या, म्हणजे कॉस्प्ले करणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात आणि त्यांची छायाचित्रे टिपणाऱ्यांना ‘कामेको’ म्हणतात. कोमिकेटने घरून वेश करून येण्यास मनाई केली, नोंदणी व स्वतंत्र जागा ठरवली, खालच्या कोनातून छायाचित्र घेण्यास बंदी घातली. नियम दोघांसाठी आहेत. तरी वाद उद्भवला की चर्चा कपड्याच्या लांबीपाशी लवकर पोहोचते आणि कॅमेऱ्यापाशी उशिरा.

भित्तिपत्रकांवरील चित्रे

२०१० नंतर रसिकांची चित्रे मेळाव्याबाहेर, शासकीय व व्यापारी प्रसिद्धीत शिरली आणि वादाची जागा बदलली. ऑक्टोबर २०१९ मध्ये जपानी रेडक्रॉसच्या रक्तदान मोहिमेच्या भित्तिपत्रकावर ‘उझाकी-चान’ या मालिकेतील अवास्तव उभार वक्षाची नायिका झळकली. सार्वजनिक संस्थेने असे चित्र वापरावे का, अशी टीका झाली. रसिकांपैकी अनेकांनी ती आपल्या अस्तित्वावरील हल्ला मानली. १९८३ च्या आणि १९८९ च्या जखमा ताज्या असल्यासारखी ही प्रतिक्रिया होती, आणि ज्या समुदायाला कधीकाळी संशयित ठरवले गेले त्याच्याकडून ती अनाकलनीय नाही. मात्र टीका करणाऱ्या स्त्रीला ‘बाहेरची’ ठरवणे इतिहासाला धरून नव्हते. पुढच्या वर्षी मोहिमेसाठी त्याच मालिकेची वेगळी चित्रे वापरली गेली. एप्रिल २०२२ मध्ये ‘निक्केई’ या अर्थविषयक दैनिकात शाळकरी मुलीच्या चित्राची पानभर जाहिरात आली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेच्या जपान कार्यालयाने निषेध नोंदवला व तेच युक्तिवाद पुन्हा झडले.

या साऱ्यांत मिए प्रांतातील शिमा शहराचे प्रकरण वेगळे आहे. समुद्रात बुडी मारून शिंपले-कालवे काढणाऱ्या ‘आमा’ स्त्रियांची तेथे जुनी परंपरा आहे, आणि आज या व्यवसायातील अनेक स्त्रिया साठीच्या पुढच्या आहेत. त्यांचे प्रतीक म्हणून शहराने ‘आओशिमा मेगू’ या सतरा वर्षांच्या, अंगाला घट्ट बिलगणारे पांढरे वस्त्र घातलेल्या अ‍ॅनिमे शैलीतील मुलीला मान्यता दिली. २०१५ मध्ये आमा स्त्रियांसह तीनशेहून अधिक जणांनी सह्यांचे निवेदन शहराकडे दिले. आपल्या कष्टाच्या कामाचे असे चित्र आम्हांला मान्य नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. त्या स्त्रिया रसिक नव्हत्या, समीक्षक नव्हत्या, कोमिकेटच्या वादांशी त्यांचा संबंध नव्हता. नोव्हेंबर २०१५ मध्ये शहराची मान्यता काढून घेण्यात आली, आणि निर्मात्यांनी ते पात्र अनधिकृत म्हणून पुढे चालू ठेवले.