औषधानंतर उरलेला हात

हा धागा वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करावा. मनगट पूर्ण सैल सोडून खाली लोंबू द्यावे आणि त्याच स्थितीत मूठ आवळून पाहावी. मूठ घट्ट होत नाही. बोटे वळवणारे स्नायू शाबूत असले, तरी मनगट मागे ताणून धरल्याखेरीज त्यांना जोर येत नाही. हे ताणून धरण्याचे काम रेडियल मज्जातंतूच्या भरवशावर चालते. तो निकामी झाला की मनगट लुळे पडते आणि विळा किंवा टकळी धरणारा हात कामातून जातो.

शरीरश्रमाला व्रत मानणाऱ्या वर्ध्यात हा प्रश्न केवळ वैद्यकीय नव्हता. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंतच घर करतो. बहुधा कोपराजवळचा अल्नर मज्जातंतू आधी दुखावतो आणि बोटे वाकडी होतात. रेडियल त्या मानाने क्वचितच सापडतो, पण सापडला की मनगट जाते.

विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम उभारले. १९३९ मध्ये संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. ते येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सहबंदी होते. गांधीजी त्यांना स्वतः मालिश करीत, ते छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. इतिहासग्रंथ त्याकडे करुणेचे प्रतीक म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. मात्र मालिशीने गेलेला मज्जातंतू परतत नाही. हाताचे पुढे काय, हा प्रश्न त्या चित्राच्या चौकटीबाहेरच राहतो.

पुढे सल्फोन औषधे आली. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे काम सुरू झाले आणि डॉ. वर्देकरांनी सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी पद्धत गावोगाव नेली. रोग आटोक्यात येऊ लागला, पण औषध जंतूला मारते, लुळा हात उचलत नाही. बरा झालेला माणूसही त्या हातामुळे ‘रोगी’च ठरे. माझ्या मते बहिष्काराच्या इतिहासात जंतूइतकाच या हाताचा वाटा आहे.

उत्तराची एक वाट वेल्लोरहून आली. डॉ. पॉल ब्रँड यांना आढळले की पंजाचे स्नायू निकामी झाले तरी बाहूतले अनेक स्नायू सुदृढ राहतात. त्यांपैकी एखाद्याचा कंडरा दुसऱ्या जागी जोडला, तर गेलेली हालचाल परत मिळवता येते. १९४८ च्या सुमारास त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर अशा शस्त्रक्रिया आरंभल्या. लुळ्या मनगटासाठी ही युक्ती पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर रॉबर्ट जोन्स यांनी वापरली होती. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अँटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांच्या हातांसाठी असेच काम केले.

शस्त्रक्रिया म्हणजे मात्र अर्धेच काम. तळहात पालथा करणारा स्नायू आता मनगट उचलणार असतो आणि ही अदलाबदल मेंदूला शिकवावी लागते. रोज, कंटाळवाण्या आवर्तनांनी, आठवडेच्या आठवडे. हे फिजिओथेरपीचे क्षेत्र. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तिचे शिक्षण १९५३ मध्ये सुरू झाले.

मज्जातंतू आपोआप भरून येण्याजोगा असेल, तरी तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. दंडापासून मनगटाच्या स्नायूंपर्यंत पोहोचायला काही महिने लागतात. तोवर सांधे आखडले, तर परतलेल्या मज्जातंतूचा उपयोग काय? म्हणून मनगट उचलून धरणारी पट्टी बांधायची, दुसऱ्या हाताने बोटे व मनगट रोज पूर्ण हलवायचे आणि हालचालीची पहिली चाहूल लागताच हात टेबलावर आडवा ठेवून, गुरुत्वाकर्षणाचा भार टाळून सराव करायचा. भार नंतर वाढवायचा. या कष्टांचे छायाचित्र कोणी काढत नाही.

१९८० च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार सुरू झालेल्या देशातील पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे देशातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. ही व्याख्या रुग्णसंख्येची होती. आधीच लुळे पडलेले हात तिच्यात मोजलेले नव्हते.

सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला विनोबांचे नाव आहे आणि परिसरात फिजिओथेरपीचे महाविद्यालयही आहे. दंडाचे हाड मोडणे हे आज मनगट लुळे पडण्याचे एक प्रमुख कारण आहे. कारण बदलले तरी सराव तोच आहे: बाहू टेबलावर टेकवलेला, पंजा कडेबाहेर लोंबणारा, आणि तो वर उचलण्याचा प्रयत्न.