जॉन पिकरिंग : महाभियोगाने पदच्युत झालेले पहिले अमेरिकी संघीय न्यायाधीश

अमेरिकेत महाभियोग चालवून पदावरून दूर करण्यात आलेले पहिले संघीय न्यायाधीश म्हणून जॉन पिकरिंग यांची नोंद आहे. त्यांच्यावर लाचखोरीचा आरोप नव्हता. त्यांना बुद्धिभ्रंश झाला होता आणि ते मद्याच्या आहारी गेले होते.

हार्वर्डमधून १७६१ मध्ये पदवी घेतलेल्या पिकरिंग यांनी न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ येथे वकिली केली. १७९० मध्ये ते त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९५ मध्ये त्यांची संघीय जिल्हा न्यायालयावर नियुक्ती केली.

पुढे त्यांची मानसिक प्रकृती ढासळली. अक्षम जिल्हा न्यायाधीशाचे काम मंडल न्यायाधीशाकडे सोपविण्याची सोय १८०१ च्या न्यायव्यवस्था कायद्यात होती आणि त्यानुसार पिकरिंग यांच्या जागी जेरेमाया स्मिथ काम पाहू लागले. मात्र जेफरसन यांच्या पक्षाने १८०२ मध्ये तो कायदाच रद्द केला आणि आजारी न्यायाधीश पुन्हा आसनावर आले. त्याच वर्षी ‘एलायझा’ या जहाजाच्या जप्तीचा खटला त्यांच्यापुढे आला. सरकारी साक्षीदारांचे म्हणणे न ऐकताच त्यांनी जहाजमालकाच्या बाजूने निर्णय दिला.

अध्यक्ष जेफरसन यांनी फेब्रुवारी १८०३ मध्ये हे प्रकरण प्रतिनिधिगृहाकडे पाठविले. अडचण मूलभूत होती. अमेरिकी घटनेत महाभियोगासाठी राजद्रोह, लाचखोरी आणि अन्य गंभीर अपराध व गैरवर्तन एवढीच कारणे आहेत; आजारपण त्यात नाही. (भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १२४(४) मध्ये गैरवर्तनाबरोबर अक्षमतेचाही स्वतंत्र उल्लेख आहे.) वडील भ्रमिष्ट असल्याने त्यांना दोषी धरता येणार नाही, असा अर्ज पिकरिंग यांच्या पुत्राने सिनेटकडे केला. स्वतः पिकरिंग सुनावणीस हजर राहिले नाहीत.

सिनेटने मार्ग काढला, पण तो सरळ नव्हता. पिकरिंग यांचे वर्तन ‘गंभीर अपराध’ ठरते काय, हा प्रश्न मतास टाकलाच गेला नाही. आरोपांप्रमाणे ते दोषी आहेत काय, एवढेच विचारण्यात आले. काही सदस्यांनी मतदानात भाग घेण्याचे टाळले. १२ मार्च १८०४ रोजी १९ विरुद्ध ७ मतांनी ते दोषी ठरले आणि २० विरुद्ध ६ मतांनी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सॅम्युएल चेस यांच्यावरील महाभियोगास मंजुरी दिली. पुढे सिनेटने चेस यांना निर्दोष ठरविले.

पिकरिंग यांच्या रिक्त जागी जॉन सॅम्युएल शेरबर्न यांची नियुक्ती झाली. सिनेटपुढील सुनावणीत पिकरिंग यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांपैकी ते एक होते. पिकरिंग यांचे एप्रिल १८०५ मध्ये निधन झाले.